जुन्या गेमचा सोर्स कोड खुला करावा का?

गेमची विक्री कधीच थांबलेली असते, नव्या विंडोजवर तो धड चालत नाही, आणि जुने खेळाडू मात्र अजून त्याची आठवण काढतात. अशा गेमचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, ते ग्राहक आम्हाला हा प्रश्न विचारतात. आमचं मत स्पष्ट आहे: सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला गेमचा मूळ मजकूर, जरूर सगळ्यांसाठी खुला करा. फक्त त्याआधी त्यातलं आपलं किती आणि दुसऱ्याचं किती, याची खात्री करून घ्या.

‘मग गेम फुकटच वाटला जाईल ना?’ ही भीती बहुतेकांना असते. तसं होत नाही. इड सॉफ्टवेअर या कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या ‘डूम’ या गेमचा कोड खुला केला, पण चित्रं, आवाज आणि लेव्हल्स ज्या वॅड फाइलमध्ये असतात, ती स्वतःकडेच ठेवली. म्हणूनच ‘डूम’ आजही विकला जातो. कोड मिळाल्यावर लोकांनी तो असंख्य यंत्रांवर चालता केला. पूर्ण गेम खेळायला मूळ फाइल मात्र विकतच घ्यावी लागते. कॉपीराइटही मालकाकडेच राहतो. १९९९ मध्ये ‘डूम’चा कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आला. त्यात बदल करून जो पुढे वाटेल, त्याला आपलाही कोड द्यावा लागतो. आम्ही बहुधा हाच परवाना सुचवतो.

खरी मेहनत हक्क तपासण्यात आहे. ‘डूम’च्या डॉस या जुन्या प्रणालीवरच्या आवृत्तीत आवाजाची लायब्ररी, म्हणजे आवाजासाठीचा तयार कोड, दुसऱ्यांची होती. ती देता येईना, म्हणून लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवरची आवृत्ती खुली करावी लागली. आपल्याकडे फ्रीलान्सरचा प्रश्न हमखास निघतो. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतलेल्या कोडचे हक्क लेखी करारानेच आपल्याकडे येतात. त्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार ती पाच वर्षांचीच धरली जाते. पैसे चुकते केले म्हणजे कोड आपला झाला, असं समजू नका. जुना करार शोधा, नसेल तर त्या माणसाला गाठून आता सही घ्या.

गेम ऑनलाइन खेळला जात असेल तर जरा थांबा. ‘क्वेक’ या गेमचा कोड १९९९ च्या अखेरीस खुला झाला आणि बदललेले क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या संगणकावर चालणारे गेमचे प्रोग्राम, घेऊन फसवणूक करणाऱ्यांनी खेळाडूंना हैराण केलं. सर्व्हर चालू असेपर्यंत कोड खुला करू नये, असं आम्ही सांगतो. कोडमधले पासवर्ड आणि गुप्त ‘की’ (सांकेतिक किल्ल्या) तर काढायच्याच.

पण फार वर्षं थांबण्यातही धोका आहे. जॉर्डन मेकनर यांच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमचा ॲपल टू या जुन्या संगणकावरचा मूळ कोड हरवल्यातच जमा होता. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना फ्लॉपींचा खोका सापडला, जाणकारांनी त्या वाचल्या, म्हणून तो आज सगळ्यांना बघता येतो.

आमच्याकडे येताना करारांची फाइल आणि असतील तेवढ्या सीडी, फ्लॉपी, हार्ड डिस्क घेऊन या. फ्लॉपी आधी घरी चालवून बघू नका. बुरशी धरलेली असेल तर एका फेरीतच खराब होते. आम्ही आधी तिची प्रत काढतो, मग कोड उघडतो.