धातूंची नॅनो खते आणि तेलाचा दर्जा : वादाची पार्श्वभूमी

जस्त, लोह अशा धातूंचे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात (नॅनोमीटरमध्ये) मोजायचे बारीक कण, खत म्हणून दिले की गळीत पिकांच्या तेलाचा दर्जा सुधारतो, असा दावा केला जातो. वाद त्याचाच आहे. धातू आणि खाद्यतेल यांचे वाकडे जुनेच. लोह-तांब्याचा अंश राहिला की तेल लवकर खवट होते, हे तेल कारखान्यांना नॅनो खतांच्या खूप आधीपासून ठाऊक होते. सोयाबीन तेलाच्या कारखान्यांतून पितळी व्हॉल्व्ह गेले आणि उरलेला धातू बांधून ठेवायला सायट्रिक आम्ल आले, तो काळ 1940 च्या दशकाचा. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात रिफाइंड तेलात किलोमागे लोह 1.5 मिलिग्रॅम आणि तांबे 0.1 मिलिग्रॅम चालते. व्हर्जिन, म्हणजे रिफाइन न केलेल्या तेलात अनुक्रमे 5 आणि 0.4.

खताच्या बाजूने चर्चेला वेग आला तो 2012 नंतर. त्या वर्षी भुईमुगावर सुमारे 25 नॅनोमीटरचे झिंक ऑक्साइड (जस्ताचे एक संयुग) 1000 पीपीएमने (दहा लाख भागांत 1000 भाग) वापरून उगवण आणि उत्पादन वाढल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मातीत झिंक ऑक्साइडचे नॅनोकण मिसळून वाढवलेल्या सोयाबीनच्या दाण्यांत जस्त साठल्याचेही दिसले. पुढच्या वर्षीच्या क्ष-किरण तपासणीत ते जस्त ऑक्साइडच्या कणांच्या रूपात नव्हे, तर सायट्रेटसारख्या संयुगात सापडले. म्हणजे वाटेत कण विरघळला आणि दाण्यापर्यंत पोहोचले ते नेहमीचेच जस्त. पुढे सूर्यफूल, मोहरी, तीळ, जवस यांच्या तेलातील मेदाम्लांकडे (तेल ज्यांपासून बनते त्या आम्लांकडे) लक्ष वळले, पण कण वाटेतच विरघळतो या निष्कर्षाला मिळायला हवे होते तेवढे महत्त्व मिळाले नाही.

खरा वाद तुलनेच्या प्लॉटचा आहे. अनेक प्रयोगांत नॅनो फवारणीशेजारी नुसत्या पाण्याची फवारणी असते. जमिनीत जस्त कमी असेल तर कोणत्याही रूपातल्या जस्ताने पीक सुधारेल. त्याचे श्रेय कणाच्या आकाराला देता येत नाही. झिंक सल्फेट शेजारी ठेवले तरी मेख उरते. 100 ग्रॅम जस्तासाठी झिंक ऑक्साइड सुमारे 125 ग्रॅम लागते, तर सात रेणू पाण्याचे झिंक सल्फेट 440 ग्रॅम. दोन्ही सारख्याच वजनाने फवारली, तर ऑक्साइडच्या प्लॉटला साडेतीनपट जस्त मिळते. जस्त सारखे केले, तर सल्फेटसोबत 49 ग्रॅम गंधक जादा जाते, आणि गळीत पिकांत गंधकाचा तेलाच्या टक्केवारीशी थेट संबंध आहे. म्हणून किमान चार प्लॉट हवेत : पाणी, नॅनो ऑक्साइड, तेवढ्याच जस्ताचे साधे ऑक्साइड आणि सल्फेट, तेही गंधक सगळीकडे सारखे राहील असे समतोल करून. कणांवर लेप असेल तर नुसत्या लेपद्रव्याचा पाचवा. एवढा खटाटोप कमीच ठिकाणी होतो, आणि त्याविना केलेला ‘नॅनोमुळे दर्जा सुधारला’ हा दावा आमच्या मते अपुराच आहे.

टाकीतही घोळ होतो. लेबलवर 25 नॅनोमीटर असले तरी जड पाण्यात कण एकमेकांना चिकटून शेकडो नॅनोमीटरचे पुंजके होतात, तळाशी बसतात आणि नोझल तुंबवतात. द्रावण ताजे बनवून फवारणी संपेपर्यंत ढवळत ठेवले नाही, तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीला सारखी मात्रा मिळत नाही.

तेलाचे आकडे वाचतानाही जपावे लागते. मेदाम्ले टक्क्यांत मांडतात, त्यामुळे ओलेइक हे एक मेदाम्ल वाढले की लिनोलेइक हे दुसरे आपोआप घटल्यासारखे दिसते. ओलेइकपासून लिनोलेइक बनवणाऱ्या एन्झाइममध्ये लोह असते, म्हणून लोहाच्या खताने हे गुणोत्तर हलणे शक्य आहे. पण दाणे भरताना रात्री थंड असल्या तरी सूर्यफुलात लिनोलेइक वाढते. फवारणीने पक्वता पुढेमागे झाली आणि सगळे प्लॉट एकाच दिवशी काढले, तर कच्च्या दाण्यांतले हरितद्रव्य तेलात उतरते. असे तेल उजेडात लवकर बिघडते आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे खवट होण्याची सुरुवात दाखवणारा आकडा, चढते. त्याचा दोष मग धातूच्या माथी बसतो.

दाण्यातला धातू बहुतांशी पेंडीत राहतो. तेलात येतो तो मुख्यतः फॉस्फोलिपिडांसोबत (तेलातल्या डिंकासारख्या मेद पदार्थांसोबत), आणि डीगमिंग (हा डिंक काढणे) व ब्लीचिंगमध्ये (रंग काढणे) त्यातला बराचसा निघून जातो. त्यामुळे रिफाइंड नमुन्यात काही सापडले नाही म्हणून खत निर्धोक ठरत नाही. तपासायचे ते थंड दाबाने काढलेले, न गाळता निवळू दिलेले तेल आणि त्याच दाण्यांची पेंड, कारण जनावरांच्या खाद्यात जाते ती पेंडच.