दिवाळ्याच्या जेट्टीपासून मालेपर्यंत: शेजाऱ्यांच्या समुद्री सुरक्षेची पार्श्वभूमी

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात होडी सुटायच्या आधी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, प्लॅस्टिकची पिशवी चाचपून बघतो. आत होडीचे कागद आणि खलाशांची बायोमेट्रिक ओळखपत्रं असतात. २००८ च्या नोव्हेंबरात दहा दहशतवाद्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार बोट भर समुद्रात बळकावली आणि मुंबई गाठली. तेव्हापासून किनाऱ्याची राखण कोळ्यांच्याही वाट्याला आली. पण समुद्राला कुंपण नसतं. शेजारचा देश जागा असेल, तरच आपली झोप खरी.

ही गोष्ट भारताला वीस वर्षं आधीच कळली होती. ३ नोव्हेंबर १९८८ च्या पहाटे श्रीलंकेतल्या 'प्लोट' या तमिळ संघटनेचे भाडोत्री बंदूकधारी मालदीवच्या राजधानीत, मालेत घुसले. अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी लपून बसावं लागलेल्या अवस्थेत भारताकडे मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून निघालेले पॅराशूट ब्रिगेडचे जवान आयएल-७६ विमानांनी शेजारच्या हुलहुले बेटावर उतरले. बंडखोर ओलिसांना घेऊन 'प्रोग्रेस लाइट' या मालवाहू जहाजातून पळाले. 'गोदावरी' आणि 'बेतवा' या आपल्या युद्धनौकांनी त्यांना समुद्रातच गाठलं.

त्याच काळात आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. मालेचं काम थोडक्यात आटोपलं, श्रीलंकेतला मुक्काम मात्र १९८७ पासून मार्च १९९० पर्यंत लांबला आणि हजारावर जवानांचा जीव गेला. ही जखम विसरून या सहकार्याचा इतिहास सांगताच येत नाही. मला वाटतं, पुढची पावलं सावध आणि छोटी पडली, ती यामुळेच.

१९९१ मध्ये भारत आणि मालदीवच्या तटरक्षक दलांनी 'दोस्ती' सराव सुरू केला. २०१२ मध्ये श्रीलंका त्यात आली. बुडणाऱ्याला वाचवणं, जहाजावरची आग विझवणं, तेलगळती रोखणं, असली कामं यात घोटून घेतली जातात.

वरच्या पातळीवरची बोलणी २०११ मध्ये सुरू झाली. तिन्ही देशांचे सुरक्षा अधिकारी मालदीवमध्ये भेटले, पण भारत-मालदीव संबंध बिघडले आणि २०१४ नंतर बैठका थांबल्या. २०२० मध्ये कोलंबोत त्या पुन्हा सुरू झाल्या आणि 'कोलंबो सिक्युरिटी कॉन्क्लेव्ह' हे नाव रुळलं. २०२२ मध्ये मॉरिशसही सामील झाला.

मे २०२१ मध्ये कोलंबोसमोर 'एक्स-प्रेस पर्ल' या कंटेनर जहाजाला आग लागली. जहाजावर नायट्रिक ॲसिड होतं. श्रीलंकेच्या मदतीला आपल्या तटरक्षक दलाच्या नौका धावल्या आणि कित्येक दिवस पाण्याचा मारा करत राहिल्या. उरणच्या रस्त्यावर न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरांची रांग बघितली की मला ते जहाज आठवतं. तसेच डबे, तोच समुद्र.

२०२४ च्या सुरुवातीला मालदीव तिथली भारतीय हेलिकॉप्टरं आणि विमान सांभाळणाऱ्या भारतीय जवानांना परत पाठवायची तारीख ठरवत होता, दोन्हीकडची भाषा कडवट झाली होती. त्याच फेब्रुवारीत मालेत सोळावा 'दोस्ती' सराव झाला. तिन्ही देशांच्या नौका ठरल्याप्रमाणे हजर होत्या.