सवायकी आणि झेड-८०

निपाणीच्या तंबाखू बाजारात अडतीवर हिशेब लिहिणारे माझे आजोबा सव्वाचा गुणाकार कधी मांडत नसत. मणाचा दर २४ रुपये आणि माल सव्वा मण असला, की चोवीसात त्याचा पाव भाग, म्हणजे सहा, मिळवून ते तीस लिहून मोकळे होत. पुढे बेळगावात शिकत असताना मी ग्राफिंग कॅल्क्युलेटरसाठी प्रोग्रॅम लिहू लागलो, तेव्हा सवायकीची, म्हणजे सव्वापट काढण्याची, हीच रीत पुन्हा समोर आली.

टीआय-८३ प्लस या कॅल्क्युलेटरमध्ये ६ मेगाहर्ट्झ वेगाचा झेड-८० प्रोसेसर असतो. १९७६ साली बाजारात आलेल्या या प्रोसेसरजवळ गुणाकाराची आज्ञाच नाही. बेरीज करणे आणि अंक एक घर सरकवणे मात्र त्याला येते, आणि द्विमान पद्धतीत अंक डावीकडे सरकले की संख्या दुप्पट होते, उजवीकडे सरकले की निम्मी. म्हणून १३ ला ११ ने गुणायचे, तर ११ ची ८, २ आणि १ अशी फोड करून १०४, २६ आणि १३ यांची बेरीज करावी लागते.

आठ बिटांच्या, म्हणजे आठ द्विमान अंकांच्या, दोन संख्यांना अशा आठ फेऱ्या लागतात. सरकवणे, बिट पाहणे आणि बेरीज यांत दर फेरीला प्रोसेसरच्या घड्याळाचे जास्तीत जास्त २९ ठोके जातात. फेरी मोजून मागे उडी घेण्यातच आणखी १३ जातात. आठही फेऱ्या एकाखाली एक लिहून काढल्या तर सुमारे शंभर ठोके वाचतात, पण ८ बाइटांच्या जागी ३२ बाइट खर्च होतात. वापरायला जेमतेम २४ किलोबाइट रॅम असताना हा सौदा प्रत्येक ठिकाणी परवडत नाही.

खरी कमाई कंपायलरची, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमचे प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची. कॅल्क्युलेटरची स्वतःची प्रोग्रॅमिंगची भाषा, बेसिक, प्रत्येक ओळ चालवतानाच वाचते आणि साधी मोजणीसुद्धा चौदा अंकी दशमान संख्यांत करते. कंपायलर मात्र प्रोग्रॅम आधीच वाचतो, त्यामुळे दहाने गुणायचे आहे हे त्याला अगोदर कळते. मग तो संख्या दोनदा दुप्पट करून तीत मूळ संख्या मिळवतो आणि आलेले उत्तर पुन्हा दुप्पट करतो. सोळा बिटांच्या संख्येलाही हे काम ५२ ठोक्यांत होते.

अपूर्णांकांसाठी सोळा बिटांपैकी वरचे आठ पूर्णांकाला आणि खालचे आठ २५६ व्या भागांना देता येतात. पंचवीसची सवायकी मग ३१ आणि खाली ६४ अशी उमटते. आजोबांच्या जुन्या वहीत तीच रक्कम एकतीस रुपये चार आणे अशी लिहिलेली असे.