‘भीगी भीगी’ची मूळ चाल बांगलादेशची नाही

‘गँगस्टर’ (२००६) या हिंदी सिनेमातलं ‘भीगी भीगी’ निघालं की आपल्या नागपुरात, अगदी धंतोलीतल्या दुर्गापूजेच्या गप्पांतही, कुणीतरी ठामपणे सांगतं की मूळ गाणं बांगलादेशातल्या एका बँडचं आहे आणि ते गायक जेम्सचंच आहे. जेम्स बांगलादेशचे, ‘नगर बाऊल’ या बँडचे, हे खरं. पण त्यांनी गायलं ते हिंदी गाणं. त्याची चाल ज्या ‘पृथिबी’ या बंगाली गाण्यावरून आली, ते कोलकात्याच्या ‘मोहीनेर घोडागुली’ या बँडच्या नावाशी जोडलेलं आहे.

हा बँड १९७० च्या दशकाच्या मध्यात उभा राहिला. नाव बंगाली कवी जीवनानंद दासांच्या कवितेतून घेतलेलं. मुख्य माणूस गौतम चट्टोपाध्याय. सोबत भाऊ बिश्वनाथ आणि प्रदीप, शिवाय रंजन घोषाल, तापस दास, तपेश बंद्योपाध्याय, अब्राहम मजुमदार. बाऊल गाणी (बंगालची लोकगीतं) आणि रॉक एकत्र आणणारे हे लोक तेव्हाच्या श्रोत्यांच्या फारसे पचनी पडले नाहीत. १९७७ ते १९७९ मध्ये तीन रेकॉर्ड निघाल्या आणि १९८१ च्या सुमारास बँड थांबला.

दुसरा गैरसमज इथूनच येतो. ‘पृथिबी’ या तीन रेकॉर्डवर नाही! ते १९९५ च्या ‘आबार बोछोर कुडी पोरे’ या संग्रहात आलं. तो गौतमनीच जुळवला होता, पण बरीच गाणी तेव्हाच्या तरुण कलाकारांनी गायली होती. गौतम १९९९ मध्ये गेले. श्रेय द्यायचं तर आधी त्यांचं नाव घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.