प्रमाण एकके (बेळगाव सीमाभागातील मोजमाप)

एखादी राशी मोजण्यासाठी सर्वांनी मान्य केलेले ठरावीक परिमाण म्हणजे एकक. ते सगळीकडे सारखे असेल तरच प्रमाण एकक म्हणायचे. नाव सारखे असणे पुरेसे नाही. ब्रिटिश काळात मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून जड होता. धान्य तर वजनाऐवजी मापाने दिले जाई: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ज्वारीची पायली आणि भाताची पायली वजनाला सारखी भरत नाही, आणि माप शिगेचे की सपाट यावरून घासाघीस ठरलेलीच.

१९५६ च्या वजनमापे कायद्याने देशभर दशमान पद्धत आणली. अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाला. त्याच १९५६ साली १ नोव्हेंबरला चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तराजू बदलले, पण जमिनीचे माप मागे राहिले.

सीमेच्या दोन्ही बाजूंची जुनी मोजणी मुंबई इलाख्याची, ३३ फुटी साखळीची. साखळीचे १६ आणे. साखळी लांब आणि साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. निपाणी, खानापूरकडच्या उताऱ्यावर आजही एकर-गुंठे-आणे असतात. पलीकडे कागल, चंदगडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. बोलताना गुंठा आणि आर सर्रास एकच धरतात. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १०० चौरस मीटर. फरक नगण्य वाटतो. पण पाच एकरांचे २०० गुंठे म्हणजे २०० आर असे लिहिले, तर सुमारे अडीच हजार चौरस फूट कागदावरून गायब होतात. भाऊबंदकीचा खटला उभा राहायला एवढे पुष्कळ झाले.

जुनी नावे नवी मापे घेऊनही टिकतात. बारा मासे, म्हणजे शहाण्णव गुंजांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफकट्ट्यावर आता १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. नऊवार मात्र खरोखरच वारात आहे: नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर. व्यवहारात दोघांना एकच अर्थ ठाऊक असेल तोवर काही बिघडत नाही; पावतीवर मात्र ग्रॅमच हवा.

पावसाळ्यात खरा गोंधळ उडतो तो कृष्णाकाठी. अथणी, रायबाग, चिकोडीचे लोक एकाच बातमीत चार एकके वाचतात. धरणातला साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत; विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट त्यात. ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर वाहिले की एक टीएमसी होते, एवढे लक्षात ठेवले तर निम्मे आकडे उलगडतात. पातळीचे तसे नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, ती तिथल्या मापनपट्टीच्या शून्यापासून. अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, ती समुद्रसपाटीपासून. मीटरचे फूट केले तर १,७०४.७२ येतात, पण त्यातून ४५ वजा करून काहीच निष्पन्न होत नाही. आधी पुलावरच्या पट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे ते पाहावे लागते, मगच दोन आकड्यांची तुलना होते.