फेलिक्स्टो जलविमान तळ

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफक परगण्यात, ऑरवेल आणि स्टाऊर या नद्यांच्या मुखाशी ब्रिटिश नौदलाने १९१३ मध्ये उभारलेला जलविमानांचा तळ. खाडीपलीकडे हारविच हे नौदलाचे बंदर. पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रातील जर्मन पाणबुड्यांवर पाळत ठेवण्याचे काम मुख्यतः इथून चाले.

तळाचा इतिहास जॉन सिरिल पोर्ट या अधिकाऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. क्षयामुळे १९११ मध्ये नौदलातून निवृत्त व्हावे लागलेला हा वैमानिक १९१४ साली अमेरिकेत विमाने बांधणाऱ्या ग्लेन कर्टिसकडे होता. तिथे अटलांटिक ओलांडण्यासाठी ‘अमेरिका’ नावाची उडती बोट, म्हणजे बोटीसारखे धड असलेले जलविमान, तयार होत होती. युद्ध सुरू होताच तो परतला आणि कर्टिसच्या बोटी विकत घेण्यास नौदलाला राजी केले. १९१५ मध्ये फेलिक्स्टो त्याच्याकडे आले. या बोटींची इंजिने कमजोर होती आणि बोटीसारखे धड उसळत्या लाटांत टिकत नसे. पोर्टने तळाच्याच कार्यशाळेत एकामागून एक वेगळ्या घडणीचे धड बांधून पाहिले. धडाच्या बुडाला दिलेली पायरी विमानाला पाण्याच्या पकडीतून सोडवते. ती कुठे आणि किती खोल असावी हे त्याने प्रत्यक्ष समुद्रावर ठरवले. यातून एफ-२ए हे विमान आले. पंखांचा विस्तार ९५ फूट, रोल्स-रॉईसची दोन इंजिने, भरलेले वजन पाच टनांच्या घरात. ते चाकांच्या गाड्यावरून उतारावर आणत, आणि छातीपर्यंत रबरी पोशाख घातलेली माणसे थंड पाण्यात शिरून त्याला तरंगते करत. परतल्यावर पुन्हा तीच कसरत. या माणसांची नावे फारशी कुठे येत नाहीत, पण त्यांच्याशिवाय एकही गस्त निघाली नसती.

एप्रिल १९१७ मध्ये ‘कोळ्याचे जाळे’ ही गस्त सुरू झाली. नॉर्थ हिंडर ही दीपनौका (समुद्रात नांगरलेले, दीपगृहाचे काम करणारे जहाज) मध्यभागी धरून नकाशावर ६० सागरी मैल रुंदीचा अष्टकोन आखला. केंद्रातून आठ रेषा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेषा. वैमानिक ठरवलेला भाग रेषेरेषेने धुंडाळत. त्या काळच्या पाणबुडीला पाण्याखाली फार वेळ राहता येत नसे. बॅटऱ्या भरायला वर यावेच लागे, आणि खाली तिचा वेग अगदी मंद होई. पृष्ठभागावरून हे जाळे ओलांडायला तिला दहाएक तास लागत. विमानाच्या धाकाने ती खाली गेली, तरी तिचा प्रवास लांबून हल्ल्यासाठीचा वेळ कमी होई. पाणबुड्या बुडवल्याचे अनेक दावे युद्धानंतर जर्मन नोंदींशी जुळले नाहीत, पण तळाचे मोठेपण बुडवलेल्या पाणबुड्यांच्या आकड्यात शोधूच नये. हारविच आणि हॉलंडदरम्यान अन्नधान्य आणणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांनाही ही विमाने सोबत करत. बिनतारी यंत्र बंद पडले तर निरोपासाठी विमानात कबुतरे असत. १४ जून १९१७ रोजी इथल्या एका विमानाने एल-४३ हे झेपेलिन (जर्मन हवाई जहाज) हॉलंडच्या व्लीलँड बेटाजवळ पाडले.

१ एप्रिल १९१८ रोजी नौदलाची हवाई शाखा नव्या रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झाली; गस्त मात्र थांबली नाही. ४ जूनला चार एफ-२ए आणि एक कर्टिस अशी पाच विमाने रॉबर्ट लेकीच्या नेतृत्वाखाली डच किनाऱ्याकडे गेली. इंधनाची नळी तुटून एक एफ-२ए पाण्यावर उतरले आणि जर्मन जलविमाने त्याच्याकडे वळली. झुंजीत कर्टिसही गमवावे लागले. दोन्ही विमानांतील माणसे तटस्थ हॉलंडमध्ये स्थानबद्ध झाली. त्यानंतर प्रत्येक तुकडीने आपले विमान भडक पट्ट्यांनी व चौकडींनी रंगवले, म्हणजे लाटांवर पडलेले विमान आपले की शत्रूचे हे वरून लगेच कळावे.

पोर्ट ऑक्टोबर १९१९ मध्ये वारला. युद्धानंतर तळ सागरी विमानांच्या चाचण्यांचे केंद्र झाला. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ते केंद्र स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्गला हलवले आणि फेलिक्स्टोच्या धक्क्यांवर नौदलाच्या टॉर्पेडो नौका आल्या. तळाची जागा आता ब्रिटनच्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरात गेली आहे.