पाच डॉलरची मर्यादा, तीन वर्षांचं आयुष्य

जुगाराला कायद्याची मान्यता बहुधा तिजोरीत खडखडाट असताना मिळते. अमेरिकेतल्या नेवाडाने कॅसिनो कायदेशीर केले ते 1931 मध्ये, महामंदीत. न्यू हॅम्पशायरने 1964 मध्ये सरकारी लॉटरी काढली. तिथे पगारावर आयकर नव्हता, सर्वसाधारण विक्रीकर नव्हता आणि तो लावायची कुणा नेत्याची छाती नव्हती. पैशाची निकड जुगाराला दारापर्यंत आणते. आत कोणत्या अटींवर घ्यायचं, हे मात्र तिथलं राजकारण ठरवतं.

आयोवाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. 1980 च्या दशकातल्या शेतीसंकटाने हे राज्य होरपळलं होतं, पण उघड जुगार मतदारांना रुचणारा नव्हता. तडजोड म्हणून 1989 च्या कायद्याने कॅसिनो नदीतल्या बोटींवर ठेवले. एका डावाला जास्तीत जास्त 5 डॉलर लावायचे आणि बोटीच्या एका फेरीत 200 डॉलरपेक्षा जास्त हरायचं नाही. एप्रिल 1991 मध्ये बोटी सुटल्या. त्याच वर्षी पलीकडच्या काठावर इलिनॉयने अशा मर्यादांशिवाय बोटी सुरू केल्या. मिसिसिपी राज्यात तर बोट धक्क्याला बांधूनच ठेवली तरी चालत होतं. नीतिमत्तेसाठी काढलेली पळवाट इथेच अंगाशी आली: इमारत जागची हलत नाही, बोट नांगर उचलून निघून जाते. 1992 मध्ये आयोवातल्या काही बोटी खरोखरच मिसिसिपीला गेल्या. 1994 मध्ये आयोवाने दोन्ही मर्यादा रद्द केल्या.

सिंगापूरने 2005 मध्ये कॅसिनोंना होकार दिला तो पर्यटकांसाठी. परदेशी माणसाला प्रवेश फुकट; नागरिक आणि कायम रहिवाशांना मात्र दिवसाला 100 सिंगापूर डॉलर, 2019 पासून 150. वर्षानुवर्षं एकाच पक्षाची सत्ता असलेल्या देशालाच असा भेदभाव पेलतो. अर्थात, आधीच 150 डॉलर मोजून आत गेलेला माणूस ते वसूल करायला जास्त खेळेल, हा आक्षेपही बिनबुडाचा नाही.

एकदा सरकारला उत्पन्नाची सवय लागली की मागे फिरणं जड जातं. ब्रिटनमध्ये सट्ट्याच्या दुकानांतल्या यंत्रांवर दर 20 सेकंदांना 100 पौंड लावता येत. ही रक्कम 2 पौंडांवर आणायचं मे 2018 मध्ये जाहीर झालं, पण अर्थसंकल्पात तारीख पडली ऑक्टोबर 2019 ची. हा उशीर सहन न होऊन जुगाराचा विषय सांभाळणाऱ्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनी राजीनामा दिला आणि तारीख एप्रिल 2019 वर आली. बुडणारा महसूल भरून काढायला त्याच महिन्यात ऑनलाइन कॅसिनोवरचा कर 15 वरून 21 टक्के झाला.